तोरण्याचं धन, औंधचं माळरान आणि आमचे वीस गुंठे

गेल्या महिन्यात ताईकडे वेल्ह्याला गेलो होतो. भाचा घरीच होता. इंजिनिअरिंग झालेला, तीन वर्षं शिरवळच्या कंपनीत काढलेली, कामाला वाघ असा पोरगा. चहा संपेपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामा, रस्त्याकडंचे वीस गुंठे काढायचं म्हणतोय. पुण्याची पार्टी आहे, रोख देतेय. त्या पैशात स्टार्टअप टाकतो."

ताई चुलीपुढं होती. काही बोलली नाही, पण हातातलं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं.

"कसला स्टार्टअप?" मी विचारलं.

"ॲप. आपल्याकडचा इंद्रायणी तांदूळ थेट पुण्यातल्या घरात. मधला व्यापारी नाही."

"घेणार कोण?"

"सगळेच घेतील की."

"एकाला तरी विचारलंस?"

"आधी ॲप तर होऊ दे, मामा."

त्याला हसायचा अधिकार मला नाही. कारण हीच चूक मी दहा वर्षांपूर्वी केली आहे. दोन मित्र आणि मी, तिघांनी मिळून तांदूळ पाकिटात घालून विकायचं ठरवलं. पहिलं काम काय केलं, तर पाच हजार पिशव्या छापल्या. किल्ल्याचं चित्र, भगवी पट्टी, सगळं झोकात. तांदूळ नीट वाळवायचा किती, गिरणीत तुकडा किती पडतो, पुण्यातल्या बाईला नवा तांदूळ हवा की जुना, यातलं काहीच विचारलं नव्हतं. पहिल्याच खेपेत तुकड्याच्या तक्रारी आल्या. दोष गिरणीचा नव्हता, आमच्या ओल्या भाताचा होता. त्या पिशव्यांतल्या बऱ्याचशा अजून माळ्यावर आहेत. आई लसूण ठेवायला वापरते.

म्हणून भाच्याला उपदेश केला नाही. तीन गोष्टी सांगितल्या. तिन्ही आपल्याच मातीतल्या आणि शेजारच्या. त्याच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण वीस गुंठ्यांचा हा प्रश्न आता नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत आणि कापूरहोळपासून भोरपर्यंत घरोघरी आहे. पोस्ट लांब आहे, सावकाश वाचा.

एक. एकदाच हातात येणारा पैसा

भाच्याच्या अंगणातून तोरणा दिसतो. शिवाजी महाराजांनी सुरुवातीला घेतलेला हा गड. इतिहासकार साधारण १६४६-४७ च्या आसपासचा काळ धरतात. तोरण्याची डागडुजी करताना तिथं धन सापडलं आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची पडलं, ही गोष्ट आपल्याकडे बखरींपासून आजीच्या तोंडापर्यंत सगळे सांगत आले. त्या डोंगराचा राजगड झाला. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि वर बालेकिल्ला. पुढं सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याचा कारभार तिथून चालला.

ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, पण तिच्यातला हिशोब सांगत नाही. वय कोवळं, माणसं मोजकी, भोवती आदिलशाहीचा अंमल. अशा वेळी हातात आयतं धन आलं. ते वाटता आलं असतं, उडवता आलं असतं, पुरून ठेवता आलं असतं. ते गेलं कशात, तर पुढची पंचवीस वर्षं वापरता येईल अशा जागेत. एकदा आलेला पैसा टिकणाऱ्या कामात घातला गेला.

आता आपल्याकडं बघा. गेल्या वीसेक वर्षांत भोर-वेल्ह्यात रस्त्याकडेच्या जमिनी किती गेल्या, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. धरणाच्या पाण्याकडेच्या गेल्या, गडाच्या पायथ्याच्या गेल्या. तो पैसा कुठं गेला? काहींनी घर बांधलं, पोरं शिकवली, बरं केलं. पण पुष्कळ ठिकाणी दारात मोठी गाडी आली, एक लग्न दणक्यात झालं, आणि पाच वर्षांनी त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या फार्महाऊसवर मालकाचा पोरगा राखणदार म्हणून लागला. हे कुणाला हिणवायला लिहीत नाही. माझ्या भावकीतही झालंय. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचं नाव मिळालं, राजगड जागतिक वारसा यादीत गेला. पण राजगड उभा कशातून राहिला, हेही त्या नावाबरोबर लक्षात ठेवायला हवं.

भाचा म्हणाला, "मग मीही टिकाऊ कामातच घालतोय की."

म्हणून दुसरी गोष्ट.

दोन. दोन वर्षं न खपलेला नांगर

सातारच्या गादीखालची दोन घराणी. एक पंतसचिव, भोरचे. दुसरे पंतप्रतिनिधी, औंधचे. इंग्रजांच्या काळात दोन्ही छोटी संस्थानं होती. त्यात भोर मोठं. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालचा सुधागड असे भोरचे तालुके. म्हणजे आजचे भोर आणि वेल्हे दोन्ही त्यात आले. औंध त्यामानानं लहान, आणि त्याचे तुकडेही विखुरलेले. पण महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात ठळक नाव कुणाचं आहे, तर औंधचं. कारण किर्लोस्करवाडी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव भागातला. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, तर काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. चित्रकार होणं संपलं. पण यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत. ते यंत्राचं रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडली. तोवर थोरले बंधू रामूअण्णांबरोबर बेळगावला सायकलींचा धंदा सुरू होता. हे मुंबईहून सायकली पाठवायचे, ते तिकडं विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. हे शिकवणं महत्त्वाचं. लोकांनी कधी न पाहिलेली वस्तू विकायची, तर ती वापरायला शिकवणं हा विक्रीचाच भाग असतो.

मग कडबा कापायचं यंत्र केलं. नंतर लोखंडी नांगर. साल १९०३ च्या सुमाराचं. आज आपल्याला वाटेल, लाकडी नांगरापेक्षा लोखंडी बरा, लोकांनी उड्या मारून घेतला असेल. तसं झालं नाही. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. दोन वर्षं! आज दोन आठवड्यांत ऑर्डर आली नाही तर आपण धंदा बदलतो.

त्या दोन वर्षांत किर्लोस्कर काय करत होते, ते भाच्याला मी दोनदा सांगितलं. शेतकरी अडाणी आहे म्हणून बोटं मोडत बसले नाहीत. शेतात जाऊन नांगर चालवून दाखवला, काय मोडतं ते पाहिलं, सुधारलं. शेतकऱ्याची शंका ही त्यांच्यासाठी कामाची यादी होती.

एवढं चालू असताना बेळगावची जागा सोडायची वेळ आली, गावाच्या विस्तारासाठी ती हवी होती. साल १९१०. कारखाना उचलून न्यायचा कुठं? तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच गादीवर आले होते, आणि औंधमधल्या बांधकामामुळं लक्ष्मणरावांची त्यांच्याशी ओळख होती. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जागा कसली, तर निवडुंग, साप आणि दगड. पाणी नाही. पण रेल्वे होती, आणि जमीन आपली म्हणून राहणार याची खात्री होती.

राजानं काय दिलं ते पुन्हा मोजा. जागा, थोडं भांडवल आणि भरवसा. कारखाना राजानं काढला नाही आणि तो कसा चालवायचा हे सांगितलंही नाही. मला वाटतं, सरकारनं उद्योगासाठी काय करावं आणि काय करू नये, याचं यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही.

आणि माणसं कशी जमवली? शंभूअण्णा जांभेकर यंत्रं सांभाळायचे, मंगेशराव रेगे हिशोब, रामूअण्णा सगळी वसाहत. मोठ्या पदव्यांची माणसं नव्हती, काम करता करता शिकलेली. पहाऱ्यावर तर शिक्षा भोगून आलेले लोक ठेवले, ज्यांना दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याची बातमी द्यायला काढलेल्या त्या पत्रातून पुढं मराठीतलं नावाजलेलं मासिक उभं राहिलं. १९४८ च्या जाळपोळीत कारखाना जळाला, तरी पुन्हा उभा केला.

भाचा ऐकत होता. म्हणाला, "आपल्या भोरच्या राजानं असं काही केलं नाही का?"

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक नसतं.

तीन. 'भोर' नावाची कंपनी आणि सर्वोच्च न्यायालयाचा धडा

भोर संस्थानात नोंदवलेली एक कंपनी होती, भोर इंडस्ट्रीज. देशातल्या वकिलांना आणि करसल्लागारांना भोर हे नाव राजवाड्यामुळं किंवा भाटघरमुळं नाही, या कंपनीच्या खटल्यांमुळं माहीत आहे.

पहिला खटला प्राप्तिकराचा. संस्थानी मुलखात ब्रिटिश हिंदुस्थानचे करकायदे जसेच्या तसे लागू नसत. त्यामुळं संस्थानात कंपनी नोंदवणं हे त्या काळी ठिकठिकाणी उद्योजकांना आकर्षण असे. ८ मार्च १९४८ ला भोर मुंबई प्रांतात विलीन झालं आणि विलीन संस्थानांतल्या कंपन्यांना कोणता कर किती लागू, असे वाद उभे राहिले. भोर इंडस्ट्रीजचा वाद १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातून एक साधी गोष्ट कळते. सवलत ही राजासारखीच असते, एक दिवस जाते. धंदा सवलतीवर उभा असेल तर तिच्याबरोबर डगमगतो. किर्लोस्करवाडीचं औंध संस्थानही १९४८ लाच विलीन झालं. पण तिथं तोवर कसबी कामगारांची दुसरी पिढी तयार होती. ती विलीन होत नसते.

दुसरा खटला त्याहून भारी, १९८९ चा. कंपनी पीव्हीसीचं लेदरक्लॉथ वगैरे माल करायची. ते करताना मधल्या टप्प्यावर पीव्हीसीची कच्ची फिल्म तयार व्हायची आणि ती पुढं कारखान्यातच वापरली जायची. अबकारी खातं म्हणालं, फिल्म तयार झाली, दरपत्रकात तिचं नाव आहे, कर भरा. कंपनी म्हणाली, ही फिल्म अशीच्या अशी बाजारात कुणी घेत नाही. सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचं म्हणणं मान्य केलं. वस्तू तयार झाली आणि यादीत तिचं नाव आहे, एवढ्यानं ती 'माल' ठरत नाही. ती बाजारात विकली जाते किंवा विकली जाण्याजोगी आहे, हे दिसलं पाहिजे. आजही अबकारीच्या वादात हा निकाल पुढं केला जातो.

खटला कराचा होता, पण धंदा करणाऱ्या प्रत्येकानं तो पाटीवर लिहून भिंतीला लावावा असा आहे. तयार झालेली प्रत्येक वस्तू माल नसते. माझ्या पाच हजार पिशव्या माल नव्हता. भाच्याच्या लॅपटॉपमधलं ॲपही अजून माल नाही. ती मधल्या टप्प्यावरची कच्ची फिल्म आहे. कुणीतरी खिशात हात घालून पैसे देईल, आणि महिन्यानं पुन्हा मागेल, तेव्हा तो माल.

आणि इंद्रायणी

आपण ज्या तांदळावर ॲप काढायला निघालोय, तो इंद्रायणी हेच मुळात तंत्रज्ञानाचं उत्पादन आहे, हे आपण विसरतो. तो काही पूर्वजांनी ठेवलेला नाही. आपल्या पूर्वजांचा आंबेमोहर. वासाला अप्रतिम, पण उंच वाढायचा, वाऱ्यापावसात लोळायचा आणि उताराही कमी. दुसरीकडं आय.आर. ८ आला. बुटका, खताला साथ देणारा, भरघोस, पण त्याला आपल्या जिभेची चव नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आय.आर. ८ यांचा संकर करून, वर्षानुवर्षं निवड करत इंद्रायणी तयार झाला आणि १९८७ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हातात आला. तिथल्या शास्त्रज्ञांची नावं आपल्या गावात कुणाला माहीत नाहीत. पण भोर-वेल्ह्याच्या खाचरांत आज जे चार पैसे दिसतात, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

त्यांनी काय केलं? ज्याला खायचं आहे त्याला वास हवा, ज्याला पिकवायचं आहे त्याला उतारा हवा. दोघांचं ऐकलं आणि दोघांना जमेल तितकं दिलं. घाई केली नाही. भाताचं एक पीक म्हणजे एक पावसाळा, त्यात घाई चालतच नाही.

आता आपलं दुखणं. कच्चा माल द्यायचा आणि पक्क्या मालाचा पैसा दुसरीकडं जायचा, ही आपली जुनी सवय. भाटघरचं मोठं धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरं झालं. बुडीत गावं आपली आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली गेलं. ऊस तिकडं झाला, वालचंदनगरसारखे कारखाने तिकडं उभे राहिले. त्यांचा हेवा करत नाही, त्यांनी पाण्याचं सोनं करून दाखवलं. पण पाण्याचं झालं तेच भाताचं झालं आणि तेच आता जमिनीचं चाललंय. भात आपण काढायचा, साळ खेपेनं जायची, तांदूळ पुण्यात पिशवीत भरला जायचा. वाळवणं, कांडणं, निवडणं, प्रतवारी, भरणं, या प्रत्येक टप्प्यावर जो पैसा आहे तो तालुक्याबाहेर. आणि पोरं कंपनीच्या बसनं शिरवळला.

मग ठरलं काय?

वाद झाला थोडा. भाच्याचं म्हणणं, "मामा, तुमच्या किर्लोस्करांना राजानं दहा हजार दिले. मला कोण देतंय? माझ्याकडं जमीनच आहे." हे खरं आहे, आणि यावर माझ्याकडं झटपट उत्तर नव्हतं. बँकेत तारण मागतात, सरकारी योजनेला कागद मागतात, आणि कागद गोळा होईपर्यंत भात पिकून जातो. गरिबाच्या पोराकडं भांडवल म्हणून जमीनच असते. 'जमीन विकू नको' हे सांगणं सोपं आहे, सांगणाऱ्याचं काही जात नाही.

शेवटी ताईच बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "घरात दोन खंडी भात पडलंय. आधी ते विकून दाखव. ते इकलं तर जमिनीचं बघू."

आम्ही दोघं गप्प झालो. एवढा इतिहास सांगून मला जे धड मांडता आलं नव्हतं, ते तिनं दोन वाक्यांत मांडलं.

तर सध्या असं ठरलंय. ॲप बाजूला. भात नीट वाळवून, थोडं थोडं कांडून, धायरी-सिंहगड रस्त्याकडच्या ओळखीच्या दहा घरांत पाच-पाच किलो द्यायचं, पैसे घेऊन, फुकट नाही. महिन्यानं जाऊन विचारायचं : भात कसा झाला, तुकडा किती होता, पुन्हा हवा का. वहीत लिहायचं. पिशवी साधी. ज्यांना पुन्हा हवा त्यांच्याच शेजारच्या दहा घरांत पुढचा महिना. शंभर घरं होईपर्यंत जमिनीचा विषय काढायचा नाही, आणि पुण्याच्या पार्टीला तसं कळवायचं. कळवलंय. पार्टीचा फोन अजून येतो, हेही सांगून ठेवतो.

आता तुम्हा सगळ्यांसाठी, आणि आपल्या ग्रामपंचायत, पंचायत समितीतल्या मंडळींसाठी. औंधच्या राजानं दिल्या त्याच गोष्टी आपण मागू या. भोर आणि वेल्हे दोन्हीकडं एकेक भाड्याची शेड, जिथं पोरांना सहा महिने स्वस्तात काम करून बघता येईल. भात वाळवायला सिमेंटचं मोठं खळं आणि ओलावा मोजायचं यंत्र. तुकडा कमी पाडणारी एक चांगली गिरणी, सगळ्यांना दर ठरवून. एवढ्याला फार मोठी योजना लागत नाही. मोठ्या उद्योगाची घोषणा होईल तेव्हा होईल. तोवर ज्याच्या घरात दोन खंडी भात पडलंय, त्याला ते नीट विकता आलं पाहिजे.

ज्यांनी जमीन विकून धंदा केला आणि तो चालला, त्यांनी खाली जरूर लिहा. ज्यांचा बुडाला त्यांनीही लिहा, त्यात लाज नाही, माझ्या पिशव्या अजून माळ्यावर आहेत. आणि चेलाडी फाट्यापासून आत कुणाकडं तुकडा कमी पाडणारी गिरणी असेल तर आधी तेच कळवा. भाच्याला पुढच्या आठवड्यात पहिली खेप कांडायची आहे.